सल्ला हवा: उद्यमबागेतलं छोटं मशीन शॉप. मशिनं दिवसभर चालतात, पण माल वेळेवर बाहेर पडत नाही (बजेट ६० हजार)

उद्यमबाग_दुसरीपिढी
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत आमचं हायड्रॉलिक पार्टचं जॉबवर्क आहे, जास्त करून स्पूल (व्हॉल्व्हमधला सरकणारा दांडा) आणि पिस्टन. तीन सीएनसी लेथ (संगणकावर चालणारे), एक व्हीएमसी (मिलिंगचं मशीन), एक सिलिंड्रिकल ग्राइंडर (गोल नग घासून शेवटचं माप आणणारा). हार्डनिंग (भट्टीत तापवून कडक करणं) बाहेरून करून आणतो. बाबांनी उभं केलं, आता मी बघतो. दोन शिफ्टला मिळून बावीस माणसं.

अडचण अशी की फिरून बघावं तर प्रत्येक मशीन चालू असतं. ओव्हरटाइमचं बिल चढतंय. तरी पुण्याच्या आणि कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला दिलेली तारीख पाळली जात नाही. संध्याकाळी फोन येतो, "माल कुठवर आलाय?" आणि मी टॉर्च घेऊन क्रेट शोधत फिरतो. कुठला लॉट कुठं ठेवलाय हे फक्त आमच्या सुपरवायझर काकांना माहीत असतं, आणि ते पुढच्या वर्षी काम थांबवणार आहेत.

बजेट ६० हजार. नवं कर्ज काढायचं नाही. सॉफ्टवेअर घेऊ, सल्लागार लावू, की आणखी काही करू? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.

मच्छे_व्हीएमसी
ईआरपी (सगळ्या कामाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) घ्या, दुसरा विचार करू नका. आमच्याकडं तीन लाख गेले, पण आज मी घरी बसून मोबाइलवर कुठल्या मशीनवर कुठला जॉब आहे ते बघतो. प्रत्येक क्रेटला क्यूआर. मागच्या महिन्यात गिऱ्हाइकाचा माणूस ऑडिटला आला होता, स्क्रीन बघून गप्प बसला. स्वस्तातलं घेऊ नका, दोनदा पैसे जातात.

शहापूर_वायंडिंग
दादा, त्यांनी ६० हजार लिहिलंय.

मच्छे_व्हीएमसी
वाचलंय मी. हप्त्यानं मिळतं.

काकती_फाउंड्री
ईआरपीच्या आधी कंप्रेसर बघा. रविवारी सगळी मशिनं बंद असताना कंप्रेसर चालू करा आणि शॉपमध्ये नुसतं उभं राहा. सू सू आवाज कुठून कुठून येतो ते ऐका. कपलिंग, जुने पाइप, एअर गनचे ट्रिगर. दाब एक बारनं उतरवता आला तर कंप्रेसरची वीज साधारण ६ ते ७ टक्के वाचते. आम्ही गळत्या बंद केल्या आणि व्हीएफडीवाला (गरजेप्रमाणे वेग बदलणारा) स्क्रू कंप्रेसर घेतला. वीजबिलात लगेच फरक पडला.

उद्यमबाग_दुसरीपिढी
काका, गळत्या नक्की बघतो. पण माझा प्रश्न विजेचा नाही, तारखेचा आहे.

काकती_फाउंड्री
कार्यक्षमता म्हणजे सगळंच आलं की. पैसा वाचला की तारीखही सांभाळता येते.

वडगाव_माग
सॉफ्टवेअर, कंप्रेसर सगळं ठीक आहे, पण माणसं आहेत काय? आमच्याकडं माग आहेत, चालवायला हात नाहीत. गावातली पोरं पुण्याला जाऊलालीत. जी आहेत त्यांना पीसवर पैसे द्या, आपोआप काम होतंय. पगारी माणूस घड्याळ बघतोय, पीसवाला काम बघतोय. तुम्ही कसे देता?

उद्यमबाग_दुसरीपिढी
पगार अधिक पीसवर इन्सेंटिव्ह, पण फक्त सीएनसीवाल्यांना. ग्राइंडरवाल्याला नाही. काम मायक्रॉनचं आहे, घाई केली तर रिजेक्शन वाढतं.

निपाणी_५एस
आधी ५ एस करा. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. नको ते बाहेर काढा, हवं त्याला जागा ठरवा, झाडा, पद्धत लावा, पाळा. टोयोटाचा पाया तोच आहे. जमिनीवर पिवळे पट्टे मारा. क्रेट शोधत फिरायची पाळीच येणार नाही. रंगाचा खर्च तो काय!

हलगा_फॅब्रिकेशन
५ एस चांगलं आहे. आम्हीपण पट्टे मारलेत. पण पट्ट्यावर क्रेट ठेवून जाणाऱ्याला कोण सांगणार? आमच्याकडं पट्टे पुसट झाले, क्रेट तिथंच आहेत.

निपाणी_५एस
म्हणूनच पाचवा एस. रोज शिफ्ट बदलताना दहा मिनिटं मालकानं स्वतः फिरायचं. मालक फिरत नसेल तर पट्ट्यांना दोष देऊ नका.

खानापूर_हिशेब
मी हिशेबाचं काम बघते, मशीनमधलं कळत नाही. पण पैशाचं सांगते. सल्लागाराचा खर्च पूर्ण खिशातून करू नका. केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची लीन योजना आहे. २०२३ मध्ये ती नव्या रूपात आली. सल्लागार येऊन काम लावून देतो, त्याच्या खर्चाचा ९० टक्के वाटा सरकार उचलतं, १० टक्के तुमचा. पहिली पायरी बेसिक, मग इंटरमिजिएट, मग अ‍ॅडव्हान्स्ड. उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) लागते. झेड (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट) प्रमाणपत्राची योजना वेगळी. तिथं प्रमाणपत्राच्या फीमध्ये सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुला ६० टक्के सूट आहे. नोंदणीतली माहिती जीएसटीशी जुळते का ते आधी बघा, नाहीतर अर्ज अडकतो.

उद्यमबाग_दुसरीपिढी
ताई, हे मला माहीत नव्हतं. उद्यम नोंदणी आहे. धन्यवाद.

मच्छे_व्हीएमसी
सरकारी सल्लागार कागद भरून जातो. त्यापेक्षा ईआरपी.

गोकाक_क्वालिटी
मी हत्तरगीच्या सेझमध्ये क्वालिटीत आहे. वर सगळ्यांनी औषधं सांगितली, दुखतं कुठं ते कुणी विचारलं नाही. दुसरीपिढी साहेब, एक काम करा. उद्या शिफ्ट संपल्यावर वही घेऊन फिरा आणि प्रत्येक मशीनसमोर किती नग पडून आहेत ते लिहा. मशीनवरचे नकोत, मशीनसमोर वाट बघणारे. मग प्रत्येक मशीनमधून रोज चांगले नग किती निघतात ते लिहा. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागा. जे उत्तर येईल तेवढे दिवस तुमचा माल तिथं नुसता बसून आहे. इथं कळवा.

टिळकवाडी_डिझाइन
गोकाकवाल्यांचं बरोबर आहे. शिवाय जॉबकार्ड लावा, प्रत्येक क्रेटवर एक. लॉट नंबर, ड्रॉइंग नंबर, नग, पुढचं मशीन, तारीख.

शहापूर_वायंडिंग
जॉबकार्ड कुठल्या भाषेत? आमच्याकडं सेटर मराठी, ऑपरेटर कन्नड, हेल्पर बिहारचे. आम्ही मराठीत छापली, निम्म्यांनी वाचलीच नाहीत.

सदलगा_अण्णा
कन्नडमध्ये छापा. इथं राहायचं तर कन्नड यायला पाहिजे.

टिळकवाडी_डिझाइन
बाहेरच्या पाटीवर ६० टक्के कन्नडचा नियम आहे, तो पाळतोच की आम्ही. शॉपमधल्या कार्डालाही नियम लावता काय?

सदलगा_अण्णा
नियम नाही, सोय सांगितली.

संपादक
पाटीचा वाद इथं नको, त्याला वेगळा धागा आहे. जॉबकार्डावर लिहायचं असेल तर लिहा.

गोकाक_क्वालिटी
आमच्याकडं कार्डावर पार्टचा फोटो, आकडे आणि आठवड्याचा रंग. या आठवड्याचा माल पिवळा, पुढचा निळा. पिवळा आधी, एवढं एकच सगळ्यांना सांगायचं. तिन्ही भाषांचे लोक कुणाला न विचारता काम उचलतात.

उद्यमबाग_दुसरीपिढी
मोजलं. तिन्ही सीएनसींसमोर मिळून एक-दीड दिवसाचं काम. व्हीएमसीसमोर एक दिवसाचं. ग्राइंडरसमोर २,७०० स्पूल. ग्राइंडरमधून दोन शिफ्टला चांगले नग निघतात १८० च्या आसपास. म्हणजे १५ दिवस. आणि तिन्ही सीएनसी मिळून रोज ३०० स्पूल ग्राइंडरकडं ढकलतायत. इतकी वर्षं मी त्या क्रेटवर हात टेकून फोनवर बोलतोय.

गोकाक_क्वालिटी
मग सापडलं. तुमच्या फॅक्टरीचा वेग म्हणजे ग्राइंडरचा वेग. पूल होण्याआधी तिसऱ्या रेल्वे गेटाचं फाटक पडलं की मागून कितीही हॉर्न मारा, तसं आहे हे. आता ग्राइंडर दिवसात किती वेळ खरोखर ठिणगी पाडतो आणि किती वेळ उभा असतो ते बघा.

मच्छे_व्हीएमसी
हेच ईआरपीनं एका क्लिकवर दाखवलं असतं.

वडगाव_माग
दुसरा ग्राइंडर घ्या की मग. जुना मिळतोय.

काकती_फाउंड्री
जुना ग्राइंडर घेऊ नका. स्पिंडलचं बेअरिंग गेलेलं असतं, रंग मारून विकतात. माझ्या मेहुण्याला असाच गळ्यात मारला. टेपर काढता काढता वर्ष गेलं.

उद्यमबाग_दुसरीपिढी
ग्राइंडरजवळ स्टूल टाकून दोन्ही शिफ्ट बसलो. सोळा तासांत नऊ-साडेनऊ तासच खरं ग्राइंडिंग होतं. बाकी वेळ असा जातो: ऑपरेटर स्वतः हार्डनिंगचे क्रेट ओढून आणतो. लॉट बदलला की पहिला नग घेऊन क्वालिटीच्या खोलीत जातो, कारण एअर गेज (हवेच्या दाबावर व्यास मोजणारं) तिथं आहे, आणि तिथं सीएनसीवाल्यांची रांग असते. जेवायच्या सुट्टीत मशीन बंद. व्हील ड्रेसिंग (ग्राइंडरच्या दगडाला धार लावणं), ते लागणारच. आणि एक गोष्ट आजपर्यंत लक्षात आली नव्हती. सीएनसीवर आम्ही ग्राइंडिंगसाठी व्यासावर ०.४ मिलिमीटर माल सोडतो. बाबांच्या वेळेपासून तसंच चालत आलंय.

हिंडलगा_टूलरूम
०.४ फार झालं. सीएनसी लेथवर ०.२ सोडला तरी पुरतो. ग्राइंडरचे पास निम्म्यावर येतील. पैसे शून्य.

कणबर्गी_हीटट्रीट
थांबा. ०.२ तेव्हाच पुरेल जेव्हा हार्डनिंगमध्ये स्पूल वाकत नाहीत. लांब स्पूल आडवे टोपलीत टाकून भट्टीत घातले तर वाकतातच, मग ०.२ मध्ये काळे डाग राहतील आणि नग भंगारात. तुमच्या हार्डनिंगवाल्याला स्पूल उभे टांगायला सांगा. त्यासाठी फिक्स्चर लागतं, टोकाच्या सेंटरजवळ धरायला जागा लागते. आधी एक छोटा लॉट करून रनआउट (नग किती वाकडा फिरतो ते) मोजा, मगच ड्रॉइंग बदला. अलाउन्स (सोडलेला माल) एकदम कमी करू नका.

हिंडलगा_टूलरूम
कणबर्गीवाल्यांचं मान्य. आधी ०.३, मग बघा.

निपाणी_५एस
हेच तर मी म्हणत होतो. एअर गेजची जागा चुकलीय. दुसरा एस.

खानापूर_हिशेब
ग्राइंडरवर माणूस वाढवायचा तर पीएफ, ईएसआय धरून हिशेब करा. नुसता हातातला पगार धरू नका.

उद्यमबाग_दुसरीपिढी
सगळ्यांचं वाचलं, सुपरवायझर काकांशी आणि बाबांशी बोललो. ठरलं ते असं.

ईआरपी आत्ता नाही. दुसरा ग्राइंडर नाही. लीन योजनेचा अर्ज करणार, पण त्याची वाट बघत बसणार नाही.

ग्राइंडरसमोर रॅक लावतोय, चार दिवसांचा माल मावेल एवढाच. रॅक भरला की स्पूल करणारी सीएनसी बंद. ऑपरेटरनं त्या वेळात जॉ (नग धरणारे जबडे) बोअर करून ठेवायचे, पुढच्या लॉटचे इन्सर्ट आणि ड्रॉइंग ट्रॉलीवर लावायचं, नाहीतर ग्राइंडरला क्रेट आणून द्यायचे. सीएनसीचा पीसवरचा इन्सेंटिव्ह बंद करून तेवढेच पैसे महिन्याला गिऱ्हाइकाकडं तारखेत गेलेल्या नगांवर सगळ्यांना वाटायचे, ग्राइंडरवाला आणि हेल्परसकट. ग्राइंडरच्या शेजारी स्वतःचं टेबल आणि स्वतःचं एअर गेज. ६० हजारांतला मोठा भाग तिथं जाईल, उरलेला रॅक आणि ट्रॉलीला. जेवणाच्या सुट्टीत ग्राइंडर चालू राहील. कार्डाचे रंग गोकाकवाल्यांनी सांगितले तसे.

मच्छे_व्हीएमसी
चालू सीएनसी बंद ठेवणार? मशीनचा हप्ता कोण भरणार? सीएनसी तासाला कमावते, उभी राहिली की तोटा. मी तरी हे करणार नाही.

वडगाव_माग
पीस बंद करू नका हो. पोरं सोडून जातील. लिहून ठेवा.

काकती_फाउंड्री
मशीन बंद ठेवणं मलाही पटत नाही. रॅक आठ दिवसांचा करा. कास्टिंग उशिरा आलं तर काय करणार?

उद्यमबाग_दुसरीपिढी
मच्छेकर दादा, हप्ता गिऱ्हाइकाच्या पैशातून भरतो, आणि गिऱ्हाईक पैसे ग्राइंडिंग झालेल्या नगाचे देतं. समोर पडलेल्या २,७०० स्पूलमध्ये माझे स्टीलचे बार, हार्डनिंग, मजुरी सगळं अडकलंय आणि बँकेचं व्याज चालू आहे. सीएनसीनं उद्या आणखी ३०० केले तर १२० त्या ढिगातच जाणार.

वडगाव काका, तुमची भीती खरी आहे. म्हणून पहिले तीन महिने कुणाचीही मागची सरासरी रक्कम कमी होऊ देणार नाही. कमी पडलं तर मी भरणार. सीएनसीवरच्या तिघांशी समोरासमोर बोललो. दोघं तयार आहेत. तिसरा विचार करतो म्हणाला, तो आमचा सगळ्यात चांगला सेटर आहे, त्याला सोडायचं नाही.

काकती काका, बार आमच्याकडं भरपूर असतो. कास्टिंग फक्त पिस्टनला लागतं आणि पिस्टन ग्राइंडरवर जात नाहीत. रॅक चारच दिवसांचा.

गोकाक_क्वालिटी
एकच सांगतो. समोरचे २,७०० आधी तारखेप्रमाणे लावा. नवा रॅक लावलात आणि जुना ढीग तसाच बाजूला राहिला तर ऑपरेटर सोपे नग आधी उचलणार.

उद्यमबाग_दुसरीपिढी
रविवारी तेच काम आहे. जुना ढीग संपेपर्यंत दोन सीएनसींवर स्पूल घ्यायचाच नाही, पिस्टन घ्यायचे. जेवणाच्या सुट्टीत ग्राइंडरवर कोण, एवढंच अजून ठरायचंय. सुपरवायझर काका म्हणतात मी उभा राहतो, पण त्यांच्या गुडघ्यांना ते झेपायचं नाही. ग्राइंडरचा बदली ऑपरेटर कुणाच्या ओळखीत असला तर निरोप द्या. उद्यमबाग, मच्छे, अनगोळच्या बाजूचा असला तर बरं. दुपारी बारा ते तीन यायला तयार पाहिजे.

कणबर्गी_हीटट्रीट
आमच्या गल्लीत एक रिटायर ग्राइंडर मिस्त्री आहेत, हात अजून स्थिर आहे. विचारून तुम्हाला निरोप टाकतो. उभ्या फिक्स्चरचं ड्रॉइंगही पाठवतो, तुमच्या हार्डनिंगवाल्याला दाखवा.