मूत्रपिंडातील रक्तवाटप : काटकसर की उणीव?

शरीरवेडा (धागाकर्ता) :
दोन्ही मूत्रपिंडांचे वजन शरीराच्या अर्धा टक्काही भरत नाही, तरी हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला लिटरभर रक्त, त्यांच्याकडे जाते. त्यातले जवळपास ९० टक्के बाहेरच्या थराला (कॉर्टेक्सला) मिळते आणि आतल्या गाभ्याला (मेड्युलाला) उरलेसुरले. काही जण ही रचनेतली उणीव मानतात; मला ते पटत नाही. मेड्युलात मीठ आणि युरिया साठवलेला असतो म्हणूनच लघवी रक्तद्रवाच्या चौपट दाट होऊ शकते, आणि तेथे रक्त जोराने खेळू लागले तर तो साठा धुऊन जाईल.

रातराणी :
साठ्याचा मुद्दा मान्य, पण त्याची किंमत आपण लिहिलीच नाही. लघवी बनवणाऱ्या बारीक नलिकेच्या हेअरपिनसारख्या वळणाचा, म्हणजे हेन्लेच्या वळशाचा, मीठ बाहेर उपसणारा जाड भाग प्राणवायूला हावरा असतो आणि त्याचा मोठा हिस्सा मेड्युलातच असतो, जेथे प्राणवायूचा दाब जेमतेम १० ते २० मिलिमीटर (पारा), तर कॉर्टेक्समध्ये ५० च्या आसपास असतो. काठावर जगणाऱ्या या पेशींना रक्तदाब कोसळल्यावर आधी झळ बसली तर नवल काय?

शरीरवेडा :
दाब थोडा घसरला म्हणून प्रवाह लगेच घसरत नाही. सरासरी रक्तदाब ८० ते १८० च्या दरम्यान असेतो मूत्रपिंडातल्या धमनिका (बारीक धमन्या) स्वतःच आकसून किंवा सैलावून प्रवाह जवळपास स्थिर ठेवतात. शिवाय नलिकेच्या भिंतीतल्या मॅक्युला डेन्सा नावाच्या पुंजक्यातल्या पेशी नलिकेतले मीठ जणू चाखून पाहतात आणि ते वाढले की रक्त आत आणणारी धमनिका आवळायला लावतात.

आडवाटकर :
हे निरोगी माणसाचे झाले. माझ्या सासऱ्यांना रक्तदाबासाठी एसीई इनहिबिटर (अँजिओटेन्सिन हे संप्रेरक बनू न देणारे औषध) आणि लघवीची गोळी चालू होती. जुलाब झाले असताना अंगदुखीसाठी त्यांनी आयबुप्रोफेन घेतले आणि चार दिवसांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) दुपटीवर गेले. अंगात पाणी कमी पडले की रक्त आत आणणारी धमनिका प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातले रसायन उघडी ठेवते आणि रक्त बाहेर नेणारी अँजिओटेन्सिन आवळून धरते. आयबुप्रोफेनने पहिला आणि एसीई इनहिबिटरने दुसरा, असे दोन्ही आधार काढून घेतले. कागदावरचे ८० ते १८० अशा वेळी कामाचे नाहीत.

शरीरवेडा :
हे मान्यच, पण हा दोष वाटपाचा नव्हे, औषधांच्या जुळणीचा आहे. रातराणी, प्राणवायूची टंचाई हेच सगळ्याचे मूळ असते, तर मिठाचा उपसा थांबवून मेड्युलातला प्राणवायू वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइड या लघवीच्या औषधाने मूत्रपिंड वाचायला हवे होते. रुग्णांवरच्या चाचण्यांत तसे दिसले नाही.

रातराणी :
नाही दिसले, कारण तेच औषध अंगातले पाणीही काढते आणि रक्ताचा ओघ आणखी आटवते.