मदत हवी आहे : ॲडलेडच्या ‘शोडाउन’ला मुलासह कुठे बसावे?

नमस्कार. ॲडलेड क्रोज विरुद्ध पोर्ट ॲडलेड हा ‘शोडाउन’ नावाने ओळखला जाणारा ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा सामना ॲडलेड ओव्हलवर आम्ही प्रथमच पाहणार आहोत. १९९० मध्ये पोर्टने राष्ट्रीय लीगमध्ये जाण्याचा प्रयत्न करताच दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याच्या लीगने क्रोज संघ उभा केला आणि १८७० पासूनच्या पोर्टला १९९७ पर्यंत ताटकळावे लागले. ही सल शेजारचे आजोबा आजही पोटतिडकीने बोलून दाखवतात. त्यांनी माझ्या मुलाला स्वतःचा पोर्टच्या जुन्या रंगांचा काळा-पांढरा, कडा उसवलेला मफलर दिला आहे, आमची तिकिटे मात्र क्रोजच्या सदस्यांशेजारची आहेत. तो काढायला सांगणे माझ्या जिवावर येते. तेथे दोन्हीकडचे चाहते मिसळून बसतात का, की तिकिटे बदलून घ्यावीत? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.