पावसाळ्यासाठी न्हाणीच्या चुलीचं सरपण: कुठलं घ्यावं, कसं ठेवावं?

मृणाल_संगमेश्वर

नमस्कार मंडळी. आम्ही आता कायमचे संगमेश्वरच्या घरी राहायला आलोय. आंघोळीचं पाणी न्हाणीतल्या चुलीवरच तापतं आणि पावसाळ्यात तिच्याच उबेने मागची पडवी कोरडी राहते. गेल्या मे अखेरीला एका वखारीतून टेम्पोभर लाकूड आणलं. सुकं आहे म्हणून सांगितलं होतं, पण आषाढात नुसता धूर. ओंडक्याच्या टोकाला फेस येऊन पाणी गळायचं. सासऱ्यांना दमा आहे, म्हणून यंदा आतापासूनच विचारते. कुठलं लाकूड घ्यावं, कधी फोडावं, कुठे रचावं? परसात एक वठलेला आंबा आहे, तो तोडला तर चालेल का?

अप्पा_राजापूर

मृणालताई, टोकाला फेस आला म्हणजे लाकूड आतून ओलंच होतं. आधी ते पाणी उकळून जायला हवं, मग लाकूड पेटणार. आच सगळी त्यातच जाते आणि धूर घरभर होतो.

मे महिन्यात तोडलेलं लाकूड त्याच पावसात जाळायला घ्यायचं नाही. आमच्याकडे भातं झोडून झाली, दिवाळी आटपली की तोडणी, आणि पाठोपाठ फोडणी. फोडणीत चालढकल करू नका. ओंडका गोलच ठेवला तर साल पाणी आत कोंडून धरते, वरून कितीही ऊन खाऊ दे. मनगटाएवढी फाळकी करा, बंब असेल तर त्याहून बारीक. मग चैत्र-वैशाखाचं ऊन खाऊन मृगाआधी सगळं छपराखाली.

वाळलं की नाही हे वखारवाल्याला विचारू नका. दोन फाळकी एकमेकांवर आपटा. वाळलेली टणटण वाजतात, ओली बद्द करतात. वाळलेल्याच्या टोकाला मधोमध भेगा गेलेल्या असतात आणि साल नखाने सुटते. शंका आली तर एक फोडून आतली बाजू गालाला लावा, गार लागली की ओल आहे.

आकेशिया मिळाला तर अवश्य घ्या. सामाजिक वनीकरणातला, जड, निखारा टिकतो. किनाऱ्याकडचा सुरूही तसाच. काजूच्या फांद्या चांगल्या जळतात, मात्र काजूबियांची टरफलं चुलीत घालू नका. त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि छातीला फार वाईट, दम्याच्या माणसाला तर नकोच. बिब्ब्याचं लाकूड घरात आणूही नका. सावर, पांगारा, शेवगा हे भरकन जळून जातात, टेम्पोचं भाडंही सुटत नाही. पेटवायला नारळाची सोडणं, करवंट्या आणि चुडतं (सुक्या झावळ्या) माळ्यावर वेगळी ठेवा.

वकिलीण_चिपळूण

आंब्याबद्दल सांगते. झाड तुमच्या जागेत असलं, वठलेलं असलं तरी आधी परवानगी काढा. महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत आंबा आहे. फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर, सागही आहेत. वन विभागाच्या कार्यालयात सातबारा घेऊन जा. विकत घेतानाही माल कुठल्या तोडीचा आहे ते विचाराच. डोंगरावरचा ऐन-किंजळ स्वस्तात देतो म्हणणाऱ्याकडून मी तरी घेणार नाही.

मृणाल_संगमेश्वर

दोघांचे मनापासून आभार. अप्पा, रचून वर प्लास्टिक घातलं तर चालेल का? पडवीत जागा कमी आहे.

अप्पा_राजापूर

वरून घाला, बाजूंनी गुंडाळू नका. चारी बाजू झाकल्या की आतली वाफ आतच राहते आणि बुरशी धरते. खाली चिरे मांडून त्यावर बांबू टाका, रास जमिनीपासून वीतभर वर राहू दे. मातीच्या भिंतीला लाकूड टेकवू नका, हातभर अंतर सोडा, नाहीतर वाळवी भिंतीतून वाशांपर्यंत जाते. न्हाणीत दोन दिवस पुरेल एवढंच आणून ठेवा, चुलीच्या कडेला ते आणखी कडकडीत होतं.

आणि एक कळकळीने सांगतो. राशीत विंचू आणि फुरसं बसतं. अंधारात हात घालून लाकूड ओढू नका, घरातल्या मुलांना तर मुळीच पाठवू नका. आधी काठीने वरचं लाकूड हलवायचं, मग उचलायचं. फुरसं चावलंच तर मांत्रिकाकडे न जाता सरळ सरकारी रुग्णालय गाठा, सर्पदंशाची लस तिथे मिळते.

सासऱ्यांसाठी न्हाणीच्या छपराला धुराडं आहे का? नसेल तर ते काम पावसाआधी करून घ्या. गवंड्याला चूल दाखवा, बरोबर तिच्या डोक्यावर आलं पाहिजे.