मासळीच्या पिकअपची चासी: पावडर कोटिंग की इपॉक्सी?

बंदरावरचा_पिकअपवाला
मालवणहून फोंडा घाटाने कोल्हापूरला मासळी नेतो. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून गळून मागच्या चासीवर (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर) आणि पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, हँगरवर पडतं. गेल्या उन्हाळ्यात एका गॅरेजवाल्याने रेड ऑक्साइड मारून वर काळा रंग फासला. गणपतीपर्यंत पोपडे सुटले. यंदा हौदा उतरवून काम करायचंय. एक जण म्हणतो पावडर कोटिंग कर, दुसरा म्हणतो जळकं ऑइल मार आणि गप बस. चार पावसाळे टिकेल असं काय?

कुडाळचा_पेंटर
भाऊ, जळकं ऑइल पहिलं डोक्यातून काढा. रबरी बुश फुगतात, धूळ चिकटून ओला लगदा बसतो, आणि नंतर त्यावर कुठलाच रंग धरत नाही.

पावडर कोटिंग वाईट नाही, पण कोरडी रंगाची पावडर वितळून बसायला पार्ट १८० ते २०० अंशांच्या भट्टीत जातो. म्हणजे वायरिंग, ब्रेकचे पाइप, बुश सगळं उतरवून चासी उघडी करा. बंपर, फूटस्टेप, कॅरिअर खुशाल द्या. चासीला मात्र दगड लागून टवका उडाला की खारं पाणी थराखाली शिरतं. वरून चकाचक, आणि नखाने उचकटलं तर तळव्याएवढा पापुद्रा हातात येतो, खाली लाल भुकटी. टचअपही धड होत नाही.

चासीला टू-पॅक इपॉक्सी प्रायमरच, म्हणजे रंग आणि त्याला कडक करणारा हार्डनर असे दोन डबे मिसळून मारायचा अस्तर रंग. पण तुमचे पोपडे रंगापेक्षा मिठाने काढलेत. गंजाच्या खड्ड्यात मीठ राहतं, रंगाखालून ओल ओढतं आणि फोड येतात. आधी गोड्या पाण्याने प्रेशरने धुवा, मग ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या जोराने खरखरीत कण मारून गंज उडवणं. एवढी खारावलेली चासी ब्लास्ट करून रात्रभर तशीच ठेवून बघा. सकाळी राखाडी लोखंडावर जिथे काळपट ठिपके दिसतील तिथे मीठ शिल्लक आहे. परत धुवा, परत ब्लास्ट करा. कामगार कुरकुरेल, करू द्या.

शेवटच्या ब्लास्टिंगनंतर आपल्याकडच्या हवेत चार तासांच्या आत पहिला हात बसलाच पाहिजे. लोखंड दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा) किमान ३ अंश गरम हवं, म्हणून सकाळी दव असताना गन हातात घेऊ नका. कडा आणि वेल्डिंगवर आधी ब्रशने एक पट्टी ओढा, कारण कडेवर रंग पातळ राहतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच, आणि थिनर इपॉक्सीचाच. एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर ओतला की काम गेलं.

इपॉक्सी उन्हात खडूसारखी भुकटी सोडते, म्हणून बाहेर दिसणाऱ्या भागावर वरून पीयू (पॉलियुरेथेन) रंग. चासीखाली ऊन कुठलं? तिथे पीयूचे पैसे वाचवून इपॉक्सीचा आणखी एक हात द्या.

जीपवेडा_सातारा
आणि आतून? बंद भाग आतूनच कुजतात. रंग पूर्ण वाळल्यावर लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ भागात फवारायचं मेण, मारा. पाणी जायची भोकं बुजली नाहीत ना बघा. आमच्या भागात रबर कोटिंगवाले तीच आधी बुजवतात!

बंदरावरचा_पिकअपवाला
पेंटर दादा, पाटे पण रंगवू का? ॲसिडमध्ये बुडवून साफ करून देणारा एक आहे.

कुडाळचा_पेंटर
पाटे ॲसिडमध्ये अजिबात नको. कडक पोलाद हायड्रोजन शोषतं आणि ठिसूळ होतं. घाटात भरल्या गाडीचा पाटा तुटला तर? वायर ब्रशने घासा, बाहेरून पातळ रंग, दोन पाट्यांच्या मध्ये ग्रॅफाइट ग्रीस.

आणि पीयू गनने मारणार असाल तर तोंडाला रुमाल चालत नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, दमा लागतो. कार्ट्रिजवाला मास्क घ्या, मोकळ्यावर मारा.

खरं तर हौद्याच्या खाली टाकी बसवून पाणी तिच्यातच घ्या. चासी वाचेल, आणि घाटात त्या पाण्यावरून दुचाकीवाले घसरतात तेही थांबेल.

बंदरावरचा_पिकअपवाला
टाकी प्लास्टिकची चालेल का? पत्र्याची म्हणजे तिलाही रंग आला.

कुडाळचा_पेंटर
प्लास्टिकचीच घ्या. खाली कॉक ठेवा, कोल्हापुरात धुवायच्या जागी सोडा.