‘हवामानबदलामुळे वणवा पेटला’ : वाक्य बरोबर आहे का?

कोरांटी :
मथळ्यांत हल्ली ‘हवामानबदलामुळे वणवा’, ‘हवामानबदलामुळे अतिवृष्टी’ सर्रास दिसतं. हे ‘मुळे’ चालतं का? आणि अशा दाव्यांवर शंका घेणाऱ्याला मराठीत काय म्हणावं?

रानखुणा :
वणव्यापुरतं तरी चालत नाही. आपल्याकडचा वणवा बहुतेक वेळा माणूसच लावतो. मोहफुलं वेचायला झाडाखालची जागा साफ करायची असते, नवं गवत फुटावं म्हणून जुनं पेटवायचं असतं, नाहीतर विडीचं थोटूक. हवा आग लावत नाही, लागलेली पसरवते.

जानेवारी 2025 मधल्या लॉस एंजेलिसच्या आगी घ्या. वाळवंटाकडून येणारे सांता ॲना वारे डोंगर उतरताना तापतात आणि आणखी कोरडे होतात. अशा घटनांमध्ये हवामानबदलाचा वाटा किती ते तपासणाऱ्या वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन या गटाचं म्हणणं एवढंच होतं, की आगीला पोषक अशी हवा जमून येण्याची शक्यता तापमानवाढीने सुमारे 35 टक्क्यांनी वाढली. समजा पूर्वी ती शंभर वर्षांत 20 वेळा जमायची, तर आता 27 वेळा. त्याचं ‘35 टक्के आग हवामानबदलामुळे’ करणं साफ चूक.

शिवाय रानात दिसणारी प्रत्येक आग वणवा नसते. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा पसरून पेटवतात. वणवा पुढे सरकू नये म्हणून वनखातं स्वतः जाळरेषा, म्हणजे आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा, काढतं : पट्ट्याच्या दोन्ही कडांचं गवत आधी कापायचं, वाळू द्यायचं, आणि वारा पडल्यावर मधला पट्टा जाळायचा. ओल्या फांद्या घेऊन माणसं कडेला उभी हवीत. काम लांबून उन्हं तापली, गवत कडकडीत झालं आणि दुपारचा वारा सुटला, की जाळरेषेचाच वणवा होतो. उपग्रहाला हे तिन्ही उष्ण ठिपकेच. त्यातही मोडिस या जुन्या उपग्रह-उपकरणाचा ठिपका 1 किलोमीटरचा, व्हिअर्स या नव्याचा 375 मीटरचा. एकच आग नव्यात अनेक ठिपके देते. दोघांचे आकडे एकाखाली एक मांडले की वणवे ‘कित्येक पटींनी वाढले’!

सातबारा :
‘अतिवृष्टी’ची गंमत याहून मोठी आहे. पंचनाम्याच्या भाषेत महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर ओलांडले की अतिवृष्टी. हवामान खात्याच्या लेखी मात्र 64.5 ते 115.5 हा नुसता मुसळधार. सर्वांत वरची पायरी 204.5 मिलिमीटरपासून. म्हणजे बातमीत कुठली अतिवृष्टी आहे ते आधी बघा. दुसरं, पूर्वी पर्जन्यमापकं मोजकी होती, आता मंडळागणिक स्वयंचलित केंद्रं आहेत. जाळं दाट झालं की पूर्वी निसटणारी सरही नोंदीत सापडते.

‘ढगफुटीसदृश’ हा वार्ताहरांचा लाडका शब्द. ढगफुटी म्हणजे छोट्या भागात तासाला 100 मिलिमीटर. तासाची नोंदच नसेल, तर सदृश कशाच्या?

मिलिमीटर :
‘सरासरी’लाही हाच प्रश्न विचारा : कुठल्या वर्षांची? देशाच्या मोसमी पावसाची सरासरी 1961–2010 साठी 880.6 मिलिमीटर होती, 1971–2020 साठी 868.6 झाली. 870 मिलिमीटर पाऊस जुन्या हिशोबाने 98.8 टक्के, नव्या हिशोबाने शंभरच्या किंचित वर. थेंबही जास्त न पडता पाऊस ‘सरासरीपेक्षा जास्त’.

पण म्हणून सगळं थोतांड ठरत नाही. मध्य भारतात 1950 ते 2015 या काळात दिवसाला 150 मिलिमीटरहून जास्त आणि दूरवर पसरलेल्या पावसाच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. पंचनाम्यांच्या मोजणीतून आलेला आकडा नव्हे हा. केंद्र कुठलं, वर्षं कुठली, उंबरठा किती, हे विचारून उत्तर मिळालं की ऐकणारा तो ‘चिकित्सक’. उत्तर मिळूनही नकारार्थी मान हलवणारा ‘नकारवादी’. ‘संशयी’ नको, मराठीत तो नवरा असतो.

कोरांटी :
काही जण हवामानबदलाच्या यादीत भूकंपही घालतात.

रानखुणा :
काढून टाका. कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा भूकंप धरणातल्या पाण्याशी जोडतात, हवामानाशी नव्हे.

मिलिमीटर :
आणि ‘6.2 रिश्टर स्केल तीव्रता’ही लिहू नका. 6.2 हे भूकंपाचं परिमाण, एका भूकंपाला एकच. ते एकाने वाढलं की ऊर्जा सुमारे 32 पट. तीव्रता म्हणजे त्या-त्या गावात बसलेला हादरा आणि झालेली पडझड, म्हणून ती गावागणिक बदलते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपाचं परिमाण 6.2 च्या आसपास होतं. तो उथळ होता, पहाटे चारच्या सुमाराला झाला, आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींवर मातीची जड माळवदं होती. सुमारे 10 हजार माणसं दगावली ती या सगळ्यामुळे. इथे ‘मुळे’ खुशाल लिहा.