प्रतिसाद: खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही?

वर दोन मुद्दे आलेत: आईबाप चुका सुधारतात म्हणून मुलांना व्याकरण येतं, आणि ऐकू न येणाऱ्या मुलाला खुणा शिकवल्या की ते बोलायचा कंटाळा करतं. मला दोन्ही पटले नाहीत.

माझी भाची साडेतीन वर्षांची. परवा ठोकळे रचून म्हणाली, "मामा, मी घर करलं." म्हटलं, "केलं म्हण." "हो, केलं," आणि लगेच, "आता गेटपण करलं." घरात 'करलं' कुणीच म्हणत नाही. पडलं, बसलं, भरलं ऐकून नियम तिनंच काढलाय. (आमच्या आईला ही चूक वाटते, मला हुशारी.)

यासाठी कानच लागतात असं नाही. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात १९७०च्या दशकाअखेर कर्णबधिर मुलं शाळेत पहिल्यांदा एकत्र आली आणि त्यांच्यात नवी सांकेतिक भाषा, म्हणजे हातांच्या खुणांची भाषा, घडली. धाकट्या मुलांनी तिचं व्याकरण आणखी पक्कं केलं. आपल्या भारतीय सांकेतिक भाषेलाही स्वतःचे नियम आहेत, प्रश्नशब्द बहुधा वाक्याच्या शेवटी येतो.

ऐकायचं मशीन, कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेनं कानात बसवायचं ऐकण्याचं उपकरण) जरूर करा. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ऐकण्याची तपासणी होते. पण तोवर मुलाला भाषेविना ठेवू नका, ती वर्षं परत मिळत नाहीत.

दादरला समोरासमोरच्या प्लॅटफॉर्मवर दोन पोरं हातांनी गप्पा मारत होती. मध्ये फास्ट आली. गाडी सरकली तशी गोष्ट तिथूनच पुढे सुरू, आणि शेजारी मी फोनवर "हॅलो, हॅलो" ओरडतोय.