तोगाकुशीचा मूळ धनी

जपानमधल्या तोगाकुशी डोंगरावरच्या देवस्थानाचं आद्य दैवत ताजिकाराओ, असं सांगतात. कथा तशीच आहे: सूर्यदेवी अमातेरासू गुहेत लपली, या बलदंड देवाने गुहेच्या दाराची शिळा भिरकावली, तीच हा डोंगर झाली. पण ताजिकाराओच्या वरच्या देवळाला खेटूनच कुझुर्यूचं, नऊ डोक्यांच्या ड्रॅगनचं देऊळ आहे, आणि परंपरेनुसार डोंगराचा मूळ धनी तोच. पावसासाठी शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या त्यालाच साकडं घातलं. दातदुखीवरही तोच; त्याला नाशपाती वाहायची! मला तर ताजिकाराओपेक्षा हाच जवळचा वाटतो.

आणखी एक, १८६८ मध्ये जपानच्या मेइजी सरकारने शिंतो (जपानचा मूळ देवपूजेचा धर्म) आणि बौद्ध धर्म वेगळे करायचा हुकूम काढला, तोवर इथे केन्कोजी नावाचा बौद्ध मठ होता. देव आणि बुद्ध एकत्रच पुजले जात.